आधी बैलाचं नाव विचार

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला निघालास, म्हणून तुझी आई परवा वसरीवर येऊन बसली. चहा तसाच थंड होऊ दिला आणि म्हणाली, "तात्या, तिकडं लढाई हाय का हो?" खोटं बोलवेना. दक्षिण सुदानात २०१३च्या एप्रिलमध्ये आपले पाच जवान गेले, डिसेंबरात अकोबोला आणखी दोन, हे मी विसरलेलो नाही. पण तिला जे सांगितलं तेही खरंच आहे. वर्षातले बहुतेक दिवस पहारा, गस्त, चिखलातून गाडी काढणं आणि लंगरातल्या वरणाला नावं ठेवणं यातच जातात. तू विचारलं होतंस, तिथं नेमकं करायचं काय. फोनवर ते सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी तिथल्या बोर शहरात हेलिकॉप्टरमधून उतरलो, खाली बघितलं तर आपलीच काळी माती. उन्हाळ्यात भेगाळलेली, पावसात बुटाला ढेकळानं चिकटणारी. एप्रिल-मेपासून नोव्हेंबरपर्यंत रस्ते जवळजवळ बंदच. वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल जिरून माती मोकळी झाल्याशिवाय, रानात गाडी घालायची नाही हे तुला आज्यानं शिकवलंय. वाळूच्या मुलखातला एखादा ड्रायव्हर घाई करील, तेव्हा गप्प बसू नकोस. आमची गाडी रुतली ती सहा तास रुतली, आणि मी नवा म्हणून तोंड उघडलं नव्हतं. खाणंही तिथं ज्वारीचंच. आपण भाकरी थापतो, ते पीठ आंबवून पातळ किसरा काढतात, नाहीतर घट्ट असिदा शिजवतात. मी पहिल्यांदा ज्वारीचं कणीस हातात घेऊन ओळखीचं हसलो, तेव्हा दुभाष्यापेक्षा त्या कणसानं जास्त काम केलं.

आता मुख्य गोष्ट. सैन्यात तिला नागरी-लष्करी सहकार्य असं मोठं नाव आहे. शाळेचं छप्पर, औषधांचं शिबिर, विहिरीचा पंप, गुरांचा दवाखाना. मला ती कुठल्या वर्गात कळली नाही, किल्लारीला कळली.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं माळवदं खाली आली. मी चौदा वर्षांचा होतो. सैन्य आलं तेव्हा एक जवान आमच्या आजीपुढं उकिडवा बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला, आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "माय, आधी कुणाला शोधू?" त्यानं हुकूम सोडला नाही, विचारलं. नंतर आठवडाभर ट्रक येत होते. वरून कपड्यांची गाठोडी फेकायचे. माझ्या चुलतीच्या हातात शहरातल्या कुण्या पोरीचा झालरीचा झगा पडला. तिनं तो घडी घालून ठेवला, फेकलाही नाही. देणाऱ्यांचं मन वाईट नव्हतं, एवढंच की कुणी विचारलं नव्हतं. तो जवान आणि तो झगा, दोन्ही मी २०१७ला बरोबर घेऊन गेलो.

तरी चूक केलीच. आमच्याबरोबर पशुवैद्यकांचं पथक होतं. फेब्रुवारीत जनावरांचं शिबिर ठरलं, तंबू, लसी, थंड पेट्या, सगळं जय्यत. दिवसभरात सात शेळ्या आल्या. तिथल्या गुरं पाळणाऱ्या दिंका लोकांची जनावरं कोरड्या दिवसांत नदीकाठच्या दलदलीतल्या गवतावर जातात, हे आम्ही एकाही म्हाताऱ्याला विचारलं नव्हतं. पोळ्याला बैल धुणारा माणूस मी, आणि गुरं कुठं चरतात हे न विचारता तारीख ठरवली! कॅप्टनसाहेब काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणंच लागलं.

पुढच्या वेळी आम्हीच गुरांच्या तळावर गेलो. संध्याकाळी शेणाच्या गोवऱ्यांचा धूर केलेला, डास पळावेत म्हणून. पोरांच्या अंगाला राख फासलेली. मोठ्या शिंगांचा पांढरा बैल बघून मी दुभाष्याला म्हटलं, याचं नाव काय? मालक इतका वेळ आमच्या बंदुका बघत होता, तो एकदम बोलायला लागला. तिथं तरुण पोराला त्याच्या लाडक्या बैलाच्या रंगावरून नाव पडतं, लग्नाचा हुंडा नवऱ्याकडून गुरांत जातो. मी त्याला आपल्याकडची लाल कंधारी आणि देवणी जात सांगितली, फोनमधला आमच्या सर्ज्याचा फोटो दाखवला. त्यानं शिंगं लहान म्हणून नाक मुरडलं. मला राग आला, खरंच आला! मग दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी लशीला रांग होती. तेव्हा आधी बैलाचं नाव विचार, सुई मागाहून. "चिबाक" म्हणजे सकाळचा रामराम, तेवढं पाठ करून ठेव.

धावत्या गाडीतून पोरांना बिस्किटं फेकू नकोस. प्रत्येक तुकडीत कुणीतरी मायेनं फेकतो, आणि पुढच्या वेळी पोरं चाकाखाली येईस्तोवर धावतात. द्यायचंच तर गाडी थांबवून, शाळेच्या मास्तरांच्या हातात दे. आणि जी बाई रेशनसाठी तुमच्या कुंपणाशी येते, तिच्याशी कसलाही व्यवहार नाही, मैत्रीच्या नावानंही नाही. दिल्लीच्या प्रशिक्षणात हा नियम सांगतील. मी नियम म्हणून सांगत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या छावणीत टँकरपाशी मान खाली घालून उभ्या राहिलेल्या आयाबहिणी मी बघितल्यात.

बाकी रोजचं. मच्छरदाणी आणि मलेरियाची गोळी चुकवू नकोस. आमच्यातला एक पैलवान "मला काही होत नाही" म्हणाला आणि आठ दिवस थरथरत पडला. रविवारी व्हॉलीबॉल खेळ, पत्ते कमी. कंटेनरच्या खोलीत एकटा पडून राहिलास की घर जास्त आठवतं. आईच्या हातचा काळा मसाला सोबत नेता येतो का, ते आधी विचारून घे.

फोनचं एक ऐक. आमच्या वेळी घड्याळात अडीच तासांचा फरक होता. २०२१च्या फेब्रुवारीत त्यांनी काटे तासभर मागं घेतले, आता साडेतीन. तिथं संध्याकाळचे पाच म्हणजे इथं साडेआठ, आईची भांडी आवरलेली असतात. रोज करशील तर एक दिवस नेट गेल्यावर तिचा जीव खालीवर होईल. वार ठरव.

आणि पैसा. डॉलर मिळतात हे गावाला तुझ्याआधी कळलेलं असतं. पारावर ट्रॅक्टरचे भाव सांगणारे भेटतील, उसनवारीवालेही. आकडा कुणालाच सांगू नकोस, मलाही नको.

आईशी बोललोय. रविवारी तुझा फोन आला नाही तर सोमवारी तिनं माझ्याकडे यायचं. चहा गरम मिळेल.

तुझा,
सुभेदार तात्या