सर वाजवून दाखवत नाहीत, क्लास बदलू का?

प्रश्न: मुलीच्या पियानोच्या सरांचा हात दुखतो, ते नुसतं बोलून शिकवतात. काय करू?

उत्तर: ताई, घाई नको. लिऑन फ्लायशर हा अमेरिकन पियानिस्ट, 1952 ला ब्रुसेल्सची क्वीन एलिझाबेथ स्पर्धा जिंकलेला, आणि 1960 च्या दशकात त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळायला लागली, कॉन्सर्ट बंद. मग तो फक्त डाव्या हातासाठीच्या रचना वाजवायला लागला (फ्रेंच संगीतकार रावेलचा कॉन्चेर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना, आहे तसा) आणि बाल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत शाळेत शिकवताना वाजवून दाखवता येईना म्हणून प्रत्येक गोष्ट नेमकी शब्दांत सांगायला लागला. मला तर हे फार भारी वाटतं, पोरं नक्कल न करता स्वतः ऐकायला लागतात ना! पुढे बोटॉक्सच्या इंजेक्शनांनी फरक पडला, दोन्ही हातांनी परत वाजवलं त्याने. मुलगी घरी काय वाजवते ते आधी बघा.