पाच दिवसांत किलिमांजारो?

प्रिय मित्रा,

तुझं वेळापत्रक पाहिलं. किलिमांजारो पाच दिवसांत उरकायचा बेत दिसतोय! नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढणारा तू, दमसास उत्तम आहे हे मान्य. पण धोका तिथेच आहे. कळसूबाई १६४६ मीटर. किलिमांजारोच्या माचामे वाटेचं फाटकच साधारण १८०० मीटरवर. महाराष्ट्रातला सह्याद्री जिथे संपतो, त्याच्याही वर तुझी सुरुवात. विरळ हवा अंगवळणी पडायला दिवस लागतात, पायातला जोर तिथे कामाचा नाही. दोन दिवस वाढव. पैसे जातील, जाऊ देत.

पहिला दिवस फसवा असतो. तिथल्या चागा लोकांच्या केळी-कॉफीच्या बागा मागे पडल्या की दाट, ओलं जंगल, फांद्यांवर शेवाळाच्या दाढ्या. आपल्या पावसाळी ट्रेकसारखं वाटून पाय आपोआप पळू लागतात. वाटाडे सारखे ‘पोले पोले’ म्हणतील, म्हणजे हळूहळू. मला ते पाहुण्यांचं कौतुक वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या सुळक्यापाशी, ४६०० मीटरवर, डोकं ठणकायला लागलं आणि घोटभर सूपही पोटात ठरेना, तेव्हा कळलं. तिथून मुक्कामाला सहाएकशे मीटर खाली, बारांकोच्या तळावर उतरवतात. चढून पुन्हा उतरायचं म्हणून कुरकुरू नकोस. अंगाला सवय लागते ती अशीच.

बारांकोला महाकाय सेनेसिओची झाडं नीट बघ. वाळलेली पानं गळू न देता खोडाभोवती गोधडीसारखी गुंडाळून उभी असतात ती. लोबेलिया तर रात्री पानांची मूठ मिटते आणि सकाळी उघडते. विषुववृत्त जेमतेम तीन अंशांवर, तरी रात्री पाणी गोठतं. तूही थरावर थर घाल, ऊन आलं की उतरव. घाम अंगावर मुरू देऊ नकोस.

पुढे नुसते दगड आणि धूळ. शेवटचा तळ बाराफू. स्वाहिलीत त्याचा अर्थ बर्फच, शब्द ओळखीचा वाटेल. मध्यरात्री निघून ५८९५ मीटरवरच्या उहुरू शिखरावर पोचायचं, तिथे श्वासागणिक प्राणवायू जवळपास निम्माच मिळतो. डोकेदुखी लपवू नकोस. झोक जायला लागला आणि वाटाड्या ‘परत’ म्हणाला, तर वाद न घालता उतर.

आणि त्या रात्री पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेव, पाणी वरून गोठतं. पाणी प्यायची नळीवाली पिशवी तळावरच राहू दे. माझी नळी दोन तासांत कडक झाली होती.

तुझा,
दादा