पुण्यात इम्पोर्टेड खाद्यपदार्थांचं दुकान काढलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की बाणेरला गाळा बघून ठेवलाय, हाताशी अठरा लाख आहेत, तर कोरियन नूडल्स, चीज, चॉकलेट, ऑलिव्ह ऑइल, सॉस असा बाहेरचा माल ठेवून दुकान चालेल का.

गिऱ्हाईक आहे, हे आधी सांगून टाकतो. ते तुमच्या गाळ्याची पायरी चढेल का, ही गोष्ट वेगळी. कोथरूडला माझं अगदी असंच दुकान होतं. चार वर्षं चालवलं, मग बंद केलं. आता साधारण तोच माल मी बेकऱ्यांना, कॅफेंना आणि घरून केक करणाऱ्यांना पुरवतो, आणि घर त्यावर चालतं. त्यामुळे माझं मत जरा एकतर्फी वाटेल. वाटू दे.

पूर्वी पुण्यात ‘फॉरेनचा माल’ म्हणजे कॅम्प. पेठेतला माणूस कयानी बेकरीच्या रांगेत श्रूसबेरी बिस्किटांसाठी उभा राहायचा आणि येताना दोराबजीच्या दुकानात डोकावून चीजचा एखादा डबा आणायचा, तोही घरी पाहुणे यायचे असतील तर. मग ओशो आश्रमामुळे कोरेगाव पार्कात परदेशी माणसं दिसायला लागली आणि पुढे चाकण, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी कंपन्या आल्या. या मंडळींची दुकानं ठरलेली असतात, ती तुमच्याकडे सहजी वळायची नाहीत. आज खप वाढतोय तो आपल्याच माणसांत. बाणेरशेजारची सूस-म्हाळुंगे 2021 मध्ये पालिकेत आली. तिथल्या टॉवरमधल्या घरात आज पास्ता हा वाढदिवसाचा बेत राहिलेला नाही, मंगळवारचा डबा आहे.

पण हे गिऱ्हाईक कसं आहे ते सांगतो. शनिवारची संध्याकाळ. दुकानात आई आणि नववी-दहावीतली मुलगी. मुलीने कोरियन मालिका बघून नावं पाठ केलेली, तिने सरळ एक नूडल्सचं पाकीट उचललं. आईने ते तिच्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाकीट उलटंसुलटं करत ठिपका शोधायला लागली. समोर कोंबडीचं चित्र. ‘‘अगं, चिकन आहे यात!’’ ‘‘आई, ते नुसतं चित्र आहे गं.’’ दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. आयातदाराचा स्टिकर नेमका पाकिटाच्या घडीत चिकटलेला. मी नखाने घडी उलगडली, तर आत तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहारी. पाकीट परत रॅकवर गेलं. मुलीचं तोंड उतरलं तशी आई म्हणाली, ‘‘हिरव्या ठिपक्याचं कोरियन दाखवा ना काहीतरी.’’

आमचा सगळा बाजार त्या वाक्यात आहे. मार्शमेलोत प्राण्यांपासूनचं जिलेटिन असतं, किमची या कोरियन लोणच्यात बहुधा माशाचं सॉस असतं, आणि खरं पार्मेजान चीज दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरून बनतं, म्हणून त्यावरही तपकिरी त्रिकोण येतो. गुलटेकडी-बिबवेवाडीकडच्या जैन घरांत तर कांदा-लसणापासून सुरुवात. प्रत्येक वस्तूचा ठिपका मला तोंडपाठ झाला होता. तुमच्या काउंटरवरच्या पोराला तो पाठ नसेल, तर चुकीची वस्तू एकदा विकली जाईल आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव दोन वर्षं फिरेल.

आता तारखेबद्दल, कारण हा धंदा खरं तर तारखेचाच आहे. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम असा की आयात माल कस्टम्समधून सुटताना त्याचं किमान 60 टक्के आयुष्य शिल्लक हवं, किंवा एक्सपायरीला तीन महिने हवेत, दोन्हींत जे कमी असेल ते. शेवटचे शब्द नीट वाचा. वर्षभर टिकणारा सॉस तीन महिनेच उरलेला असताना न्हावाशेवा बंदरातून कायदेशीर सुटू शकतो. तो मुंबईच्या आयातदाराच्या गोदामात पडतो, तिथून डिस्ट्रिब्युटरकडे जातो, आणि तुमच्यापर्यंत येतो तेव्हा सहा आठवडे उरलेले असतात. मग फोन येतो, ‘‘साहेब, निम्म्या भावात देतो.’’

असा फोन मला मस्कार्पोने या मऊ इटालियन चीजसाठी आला होता. मी चाळीस टब उचलले. पहिल्या आठवड्यात नऊ गेले, दुसऱ्यात सहा. तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे वीज दुरुस्तीचा वार, तुम्हाला माहीत आहे: सकाळी वीज गेली ती दुपारी चारला आली. इन्व्हर्टरवर दिवे आणि बिलाचं मशीन चालू, फ्रीज बंद. दोन दिवसांनी टबांची झाकणं फुगायला लागली. पंचवीस टब मी स्वतः रिकामे केले, आणि त्यानंतर महिनाभर मला त्याच चीजच्या तिरामिसू या गोडाचा वास सहन होत नव्हता.

चॉकलेटचंही तेच. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, आणि एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो. पनवेलच्या उन्हात टेम्पो तासभर उभा राहिला की चॉकलेट वितळून पुन्हा घट्ट होतं आणि वर पांढरी झाक येते. खायला ते ठीक असतं, पण गिऱ्हाईक ‘बुरशी आलीय’ म्हणून परत आणतं. तुम्ही किती समजावणार?

स्वतः कंटेनर आणायचा विचार असेल तर तूर्त सोडा. आयात-निर्यात कोड काढणं सोपं आहे, एफएसएसएआयचा केंद्रीय परवानाही मिळतो. पण गोदीत नमुने तपासणीला जातात, त्या काळात माल अडकतो आणि त्याचं भाडं चढत राहतं. चॉकलेट-चीजवर मूळ सीमाशुल्कच 30 टक्के, त्यावर अधिभार, मग जीएसटी. शंभराचा माल बाहेर पडेपर्यंत एकशेचाळिसाच्या घरात जातो. परिस्थिती जरा सुधारली आहे हे खरं: 22 सप्टेंबर 2025 पासून चॉकलेटचा जीएसटी 18 वरून 5 वर आला, चीजचा 12 वरून 5 वर. एफ्टा या युरोपीय देशांच्या गटाशी (त्यात स्वित्झर्लंड आहे) केलेला व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला, त्यामुळे स्विस चॉकलेटचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल. तरीही अठरा लाखांत मुंबईहूनच माल घ्यावा. क्रॉफर्ड मार्केट, मशीद बंदर बघून या, आणि पावतीशिवाय काही उचलू नका.

आणि स्टिकर नसलेला माल तर दुकानात नकोच. दुबईच्या पिस्त्याच्या चॉकलेटचं वेड आलं तेव्हा सुटकेसमधून आलेले बार लोक बेधडक विकत होते. आयातदाराचं नाव-पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, एमआरपी नाही. तपासणी आली तर सापडणार दुकानदार. ज्याने सुटकेस आणली तो तेव्हा विमानात असतो.

काय ठेवू नये, तर जे मंचरला बनतं ते. मोझरेला, प्रोसेस्ड चीज आपल्या जिल्ह्यातच इतकं चांगलं बनतं की इटलीहून आणलेल्याला पिझ्झावाला हात लावत नाही. ड्रॅगन फ्रूट बघा. काही वर्षांपूर्वी व्हिएतनाम-थायलंडचं म्हणून मिरवायचं, आता सांगली-सोलापूरच्या शेतातून ढिगाने येतं. गुजरातने तर त्याचं कमलम् असं बारसंही करून टाकलं. फळांत आणखी एक भानगड आहे. मे 2025 मध्ये तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि आपल्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये किडीमुळे इराणच्या किवीवर बंदी आली होती. एकाच देशाच्या मालावर बोर्ड रंगवलात तर असा एखादा दिवस झेपेल का, ते बघा.

राहिली दहा मिनिटांत घरी आणून देणारी ॲप्स. ज्या सॉसची बाटली मला तीनशे वीसला पडायची, ती तिथे कधी कधी दोनशे नव्वदला दिसायची. माझं दुकान बंद होण्यात मस्कार्पोनेपेक्षा त्यांचा वाटा मोठा. लोक माझ्याकडे येऊन बाटली हातात घ्यायचे, चव विचारायचे आणि जिना उतरता उतरता मोबाइलवर मागवायचे.

मग पैसा कुठे आहे? मला विचाराल तर पिशवीच्या वजनात. बेल्जियन कूव्हर्चर, म्हणजे केक-मिठाईसाठी वितळवून वापरायचं चॉकलेट, अडीच किलोच्या पिशवीत येतं. घरून केक करणाऱ्या बाईला अर्धा किलो हवं असतं, तेही उद्या सकाळी दहाच्या आत, कारण ऑर्डर आज रात्री पक्की झालेली असते. आणि ॲपवर तिला लागतं त्याच कोको-टक्केवारीचं चॉकलेट नेहमी मिळेलच असं नाही. मी रिपॅकिंगचा परवाना काढला, थंड खोलीत पिशव्या फोडून अर्धा-अर्धा किलोची पाकिटं केली. क्रीम चीज, फ्रोझन बेरी, बदामाची पूड, व्हॅनिला मिळून साठेक वस्तू, बस. पुण्यात बिनअंड्याच्या केकला बारा महिने मागणी, श्रावणात जास्तच, आणि डिसेंबर ते व्हॅलेंटाइनपर्यंत मला जेवायला वेळ नसतो. कॅफेवाल्यांशी मात्र जपून. उधारी पंधरा दिवसांची ठरते, मागितली की पंचेचाळीस होते, आणि एखाद दिवशी कॅफेच्या जागी मोमोजचं दुकान दिसतं. घरून करणाऱ्या बायका ऑर्डर देतानाच जीपे करतात. आजवर एकीचंही येणं बुडालेलं नाही.

तेव्हा बाणेरच्या मुख्य रस्त्यावरचं भाडं भरण्यापेक्षा वारजे किंवा नऱ्ह्याकडे साधा गाळा, एक थंड खोली, एक दुचाकीवाला मुलगा, एवढ्यावर सुरुवात करा. कोरियन नूडल्सचं एक रॅक हवं तर ठेवा, हिरव्या ठिपक्याचं. करारावर सही करण्याआधी मीटरवर किती किलोवॉट लोड मंजूर आहे ते विचारा, आणि जनरेटर ठेवायला मागे जागा आहे का ते गुरुवारी जाऊन बघून या.