'झुओवांग' म्हणजे मन शून्य करणं? अजिबात नाही

प्रश्न असा आलाय की ताओ (चिनी विचारपरंपरा) ध्यानाच्या क्लासमध्ये 'झुओवांग' म्हणजे मन शून्य करणं, त्याने भावनांचा तोल साधतो असं शिकवलं, तर हा अर्थ बरोबर का, आणि ताओ लिहायचं की दाओ.

आधी दुसरं उरकतो. ताओच लिहा. हल्ली रोमन लिपीत डी लिहितात म्हणून सगळे दाओ म्हणायला लागले, पण तो डी म्हणजे आपला द नाहीच, चिनी उच्चार अघोष आणि अल्पप्राण, म्हणजे जवळजवळ आपला त. झुओमधला झ पण असाच खोटा, तिथे 'चाक'मधला च आहे, त्स्वो म्हणा.

आता ते 'मन शून्य'. हे ऐकलं की डोकं फिरतं माझं, दर दुसऱ्या व्हिडिओत हेच! अहो शून्य आणलं कुठून? त्स्वो म्हणजे बसणं, वांग म्हणजे विसरणं, संपलं. च्वांगत्सू या जुन्या ताओ विचारवंताच्या ग्रंथात सहाव्या प्रकरणात यान ह्वै नावाचा शिष्य कन्फ्यूशियसला येऊन सांगतो, मी दया-नीती विसरलो. गुरू म्हणतो छान, पण अजून पोचला नाहीस. मग तो विधी आणि संगीत विसरतो, तरी तेच उत्तर. शेवटी म्हणतो, मी बसतो आणि विसरतो, हातपाय गळून पडतात, बुद्धी सुटते, आकार राहत नाही, जाणतेपण राहत नाही. तेव्हा कन्फ्यूशियसच म्हणतो की आता मी तुझ्या मागून येतो. याला मराठीत शब्द तयार आहे की, देहभान विसरणं! कीर्तनात रंगलेल्या माणसाबद्दल आपण हेच म्हणतो, त्याचं मन शून्य झालं असं कोणी म्हणतं का? फरक एवढाच की तिथे टाळ-मृदंग आहेत आणि इथे माणूस गप्प बसलाय.

आणि खरी गंमत तर अक्षरात आहे. वांग लिहिताना खाली 'हृदय' काढतात (चिनीत हृदय आणि मन एकच) आणि वर 'नाहीसं होणं'. आधुनिक कोशकार म्हणतात वरचा भाग नुसता उच्चारापुरता, अर्थाशी संबंध नाही. मला हे साफ अमान्य आहे. इसवी सन 100 च्या सुमारास शू शेन या चिनी कोशकाराने आपल्या कोशात स्पष्ट लिहून ठेवलंय की तो भाग अर्थासाठी आहे आणि उच्चारासाठी पण आहे, दोन्ही. त्याला बाजूला सारायचं तर कारण तरी द्या.

बरं, हेच दोन भाग खाली-वर न ठेवता शेजारी ठेवले, डावीकडे हृदय आणि उजवीकडे नाहीसं होणं, की दुसरंच अक्षर होतं, मांग, म्हणजे कामात गढलेला, बिझी. तिथेही म्हणे उच्चारच! माझं मत विचाराल तर दोन्हीकडे मन हरवलंय, एकात बसून आणि एकात पळून.