बीवर टेरियर घेण्यापूर्वी

आपण बीवर टेरियर या जातीचा कुत्रा पाळण्याचा विचार करत आहात, म्हणून प्रथम या जातीचा उगम नीट समजून घ्या, कारण पिल्लू पारखताना तोच उपयोगी पडतो. 20 जानेवारी 1984 रोजी जर्मनीतील हुन्सरूक भागात वेर्नर आणि गेरट्रूड बीवर यांच्याकडे यॉर्कशायर टेरियरच्या जोडीला पांढरे, काळे आणि सोनेरी असे तिरंगी पिल्लू झाले; त्याच्या नावाचा अर्थ हिमकणिका असा होता. हा पांढरा रंग सुप्त जनुकातून येतो, म्हणजे तो आई आणि वडील या दोघांकडूनही मिळावा लागतो, आणि म्हणूनच केवळ पिल्लाचा रंग पाहून व्यवहार ठरवणे मला धोक्याचे वाटते.

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने 2021 मध्ये या जातीला पूर्ण मान्यता देऊन टॉय गटात, म्हणजे लहान आकाराच्या कुत्र्यांच्या गटात, स्थान दिले. मान्यता इतकी अलीकडची असल्यामुळे विक्रेत्याकडून नोंदणीची कागदपत्रे मागा आणि त्यांवर जात ‘बीवर टेरियर’ आहे की ‘यॉर्कशायर टेरियर’, हे स्वतः वाचा. शक्य असेल तर पिल्लाची आईही पाहा. पाठीच्या मध्यावरून दोन्ही बाजूंना सरळ उतरणारे तिचे रेशमी केस बोटांनी हळूच विंचरून पाहावेत.