मंगळ, काका आणि तुझा तो स्क्रीनशॉट

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा तो लांबलचक मेसेज आणि त्यासोबतचे अकरा स्क्रीनशॉट, सगळं वाचलं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय आणि एकदा चष्मा लावून, आणि चष्मा लावल्यावर काकांपेक्षा तुझाच जास्त राग आला हे आधीच सांगून टाकते. नववीत तू ज्या बाकावरून हात वर करायचास तो मला अजून आठवतो, प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर तयार असायचं तुझं, आणि बरेचदा बरोबरही असायचं, पण प्रश्न दुसराच असायचा. परवा फॅमिली ग्रुपवर तेच झालंय.

म्हणजे बघ. काका म्हणाले ताईला कडक मंगळ आहे, हे स्थळ सोडा. तू म्हणालास ज्योतिष थोतांड आहे. काका म्हणाले आपले पूर्वज मूर्ख होते काय. तू म्हणालास पूर्वजांना मंगळ ग्रह आहे की तारा हे तरी कळत होतं का (त्यांना कळत होतं रे, ग्रहांची गती त्यांनी चांगली मोजली होती, हे तू उगाच बोललास). मग आत्या आली, मग इस्रोवाले तिरुपतीला गेले होते ते आलं, मग तुळस ओझोन सोडते हा फॉरवर्ड आला, मग तू काकांच्या पेन्शनवर गेलास, ते का ते मला अजून कळलेलं नाही, आणि शेवटी दादाने ग्रुप सोडला. रात्री पावणेबारापर्यंत चाललेल्या या रणधुमाळीत एकानेही एकदाही विचारलं नाही की बाबांनो, मंगळ असला तर नेमकं काय होतं? कुणाचं होतं, कधी होतं? म्हैस पाण्यात आणि तुमचं बाहेर मोल चाललंय.

दावा काय आहे ते आधी समोरच्याच्याच तोंडून काढून घ्यायचं, आणि तेही भोळेपणाने, वकिली सुरात नाही. काका, मंगळ असतो म्हणजे काय असतं हो? ते सांगतील, पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात मंगळ पडला की मंगळाची पत्रिका. झालं, आता तुझ्या हातात आकडा आला. १२ स्थानांपैकी ५. आणि लग्नरास (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, स्थानं तिच्यापासूनच मोजतात) साधारण दर दोन तासांनी बदलते म्हणजे दिवसभरात मंगळ सगळ्या स्थानांतून फिरून येतो, म्हणजे कुठल्याही दिवशी २४ पैकी साधारण १० तासांत जन्मलेलं प्रत्येक मूल मंगळाचं. शंभरात चाळीसेक माणसं झाली ही. आता काकांना एवढंच म्हण की आपल्या घरात, चुलत-आते-मामे धरून, तीस-पस्तीस जण आहोत, तर बाराएक जणांना मंगळ असायला हवा, काढू या का सगळ्यांच्या पत्रिका? आणि मग कुणाचे संसार कसे झाले ते बघू या का? यात तू त्यांना खोटं म्हणत नाहीयेस. त्यांच्याच नियमाने मोजायला बसवतोयस. काका एलआयसीत होते ना, आकडेमोड त्यांना आवडेल, कदाचित तुझ्याहून जास्त.

(खासगीतलं सांगते, मला मंगळ आहे. माझ्या वडिलांनी माझी जन्मवेळ दीड तास पुढे सरकवून घेतली आणि पत्रिका बिनमंगळाची झाली. हे मला लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं, यांना अजून माहीत नाही. हे पासष्टीचे आहेत, आत्ता बाहेर झोपाळ्यावर शब्दकोडं सोडवतायत आणि मला आडवा सात विचारतायत.)

आता तुझा पुरावा. तू ग्रुपवर चॅटबॉटचं उत्तर चिकटवलंस, त्यात कुठल्याशा परदेशी विद्यापीठाने पन्नास हजार पत्रिका तपासल्याचा अभ्यास होता. मी तो शोधला. संध्याकाळभर शोधला, भाचीलाही कामाला लावलं. असा अभ्यास नाहीये रे. ते यंत्र पुढचा शब्द कुठला शोभेल ते बघत बघत वाक्य बनवतं, ते शोभलं, तुलाही शोभलं, आणि तू छापून मोकळा झालास. काका म्हणतात पोथीत लिहिलंय, तू म्हणतोस एआयने सांगितलंय, मग मी फरक कुठे करू? काकांची पोथी निदान रोज तेच सांगते, तुझी तर प्रश्न फिरवून विचारला की उत्तर फिरवते, करून बघ. वापरू नको असं म्हणत नाही, मीही आता वापरते, बिलाच्या तक्रारीचा अर्ज छान लिहून देतं. पण त्याने अभ्यासाचं नाव सांगितलं की तो अभ्यास स्वतः उघडून बघायचा, नाही उघडला तर तो नाहीच असं धरायचं. आणि हे ग्रुपवर कबूल कर. ‘काका, मी टाकलेला तो अभ्यास खरा नव्हता, न तपासता टाकला, चुकलं.’ एवढी एक ओळ. फार जड जाईल तुला, माहितीये.

वाईट याचं वाटतं की खरा अभ्यास तुझ्या अंगणात होता. आपल्या पुण्यातला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी केलेला, सोबत पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे, जे स्वतः ज्योतिष शिकून मग त्याची चिकित्सा करायला लागले. २००८ सालची गोष्ट. २०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, १०० मुलं शाळेने हुशार म्हणून सांगितलेली आणि १०० बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळांतली. पत्रिका कॉम्प्युटरवर मांडल्या, नंबर टाकले, सगळ्या मिसळल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं की यातली हुशार कुठली ते सांगा. ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, प्रत्येकाला ४० दिल्या, उत्तरं आली २७ जणांची. आता ही जागा नीट बघ, मला हीच फार आवडते. नाणं उडवून उत्तरं लिहिली तरी ४० पैकी २० च्या आसपास बरोबर येणारच. म्हणून नुसतं २१-२२ आलं की ‘बघा, जमलं’ असं म्हणता येत नाही, २८ च्या आसपास गेलं तर म्हणायचं की इथे काहीतरी आहे, आणि ही रेघ उत्तरं बघायच्या आधी आखायची असते, नंतर नाही. सगळ्यात जास्त कुणाचे आले तर २४. सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्याच्या सगळ्या २०० बघितल्या, त्यांचे १०२ बरोबर आले. नाण्याने एवढेच दिले असते, आणि दक्षिणाही घेतली नसती.

पण हेही लक्षात घे की नारळीकरांनी ‘ज्योतिष थोतांड’ असं सिद्ध केलं असं म्हणू नये. पत्रिकेवरून बुद्धी सांगता येते एवढाच दावा घेतला आणि तो टिकला नाही, एवढंच. लग्न, नोकरी, परदेशगमन याबद्दल ती चाचणी काही बोलत नाही. काका उद्या म्हणतील की बुद्धीचं सोड, विवाहाचं अचूक येतं. तेव्हा चिडू नकोस, म्हण की चला, त्याचीही अशीच घेऊ. दाभोलकर आयुष्यभर हेच म्हणत राहिले की करून बघू, त्यांना २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नाही. असो.

तिरुपतीवरून तू जे लिहिलंस ते मला पटलं नाही. चांद्रयान-३ चं छोटं मॉडेल घेऊन इस्रोतली माणसं उड्डाणाआधी देवाच्या पायाशी गेली, बरं, गेली. त्यांनी कुठे म्हटलं की यान नवसाने उतरणार? सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं लँडर आदळलं तेव्हा मुहूर्त चुकला असं कुणी म्हणालं का? बसले, चूक कुठे झाली ते काढलं, लँडरचे पाय मजबूत केले, उतरायची जागा आधी अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर धरली होती ती चार किलोमीटर लांब आणि अडीचेक किलोमीटर रुंद धरली, आणि २३ ऑगस्ट २०२३ ला उतरवलं. हात जोडणं हा दावा नसतो रे. मीपण गणपती बसवते, उकडीचे मोदक करते, एकवीस. बाईंच्या घरी गणपती कसा म्हणून तूच दहावीत विचारलं होतंस आणि मग पाच मोदक खाल्लेस. ज्यात तपासण्यासारखं काही नाही त्यावर वाद घालून वेळ फुकट जातो आणि माणूस तुटतो ते वेगळंच.

मग वाद घालायचा कुठे? जिथे त्या समजुतीचा भुर्दंड कुणीतरी भरतंय तिथे. हे मला माझ्या सासूबाईंमुळे कळलं.

२४ ऑक्टोबर १९९५ चं सूर्यग्रहण, दिवाळीतलं. राजस्थान-बंगालकडे खग्रास होतं, आपल्याकडे खंडग्रास, सकाळचं. मला सातवा महिना, शाळेत पोरांना चष्मे वाटून झालेले, आणि सासूबाईंनी मला माजघरात दार लावून बसवलेलं. विळीला हात लावायचा नाही, सुई घ्यायची नाही, चिरलंस तर बाळाचा ओठ फाटका होईल. मी धुमसत होते, तू परवा धुमसलास तशीच. पण मी भांडायच्या आधी विचारलं, कुणाचं झालं होतं का हो असं? म्हणाल्या, माझ्या धाकट्या बहिणीचं. ग्रहणात तिने मेथी निवडली म्हणे, चिरलीही नाही, नुसती निवडली, आणि मुलगा तसा झाला. त्या बहिणीला सासरच्यांनी जन्मभर बोल लावला, नवऱ्याने दुसरी केली. हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, वातीच करत होत्या.

आता मला माहीत होतं की बाळाचा वरचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळून येतो, म्हणजे सातव्या महिन्यात मी भोपळा चिरला काय नि लाकडं फोडली काय, काही व्हायचं राहिलेलं नव्हतं. आणि ग्रहण असो-नसो, जगभरात साधारण सातशे-हजार बाळांमागे एक तसं जन्मतंच, टाके घालून छान होतं. पण ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. त्या दिवशी झालं काय की जुनं लाकडी दार, त्याला खिळ्याचं एक भोक, त्यातून उन्हाचा कवडसा समोरच्या फरशीवर पडलेला, रुपयाएवढा. आणि त्या रुपयाचा कोपरा कुणीतरी चावून नेलेला. मी ओरडलेच. सासूबाई, सूर्य बघा! दार लावूनसुद्धा ग्रहण आत आलं होतं. त्या गुडघ्यावर बसल्या, वाकून बघितलं, बोट त्या कवडशाखाली धरलं तर बोटावर तो चावलेला सूर्य आला, दचकून बोट काढलं, मग परत धरलं. मग नमस्कार केला त्याला. मी शेजारी बसून पोरांना सांगते तसं सांगितलं, भोक लहान असलं की त्यातून सूर्याचं चित्र कसं उलटं पडतं ते. किती कळलं माहीत नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांनी मुलगा झाला, धडधाकट, मग एकदा दुपारी ओठाचं सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या पुस्तकातलं चित्र दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, म्हणजे तिची काही चूक नव्हती. त्यांनी ग्रहण पाळणं सोडलं का? छे. २०१० सालच्या जानेवारीतल्या ग्रहणातसुद्धा लोणच्याच्या बरणीवर तुळशीचं पान होतंच. मी कधी काढलं नाही, तुळशीच्या पानाने कुणाचं काय बिघडत नाही. पण नणंदेच्या वेळी त्याच म्हणाल्या, असू दे, चिरू दे तिला.

तुळशीवरून आठवलं, त्या ओझोनच्या फॉरवर्डला तू उत्तर दिलं नाहीस, तेवढं एक बरं केलंस. नाहीतर ओझोन श्वासात गेला तर फुप्फुसाला त्रास होतो हे सांगून आत्याची तुळसच उपटवली असतीस तू. वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात, अंधारात नाही, एवढं तुला माझ्यामुळे माहीत आहे. विहिरीतलं हायड्रिला, काचेचं नरसाळं, उपडी परीक्षानळी, बुडबुडे मोजायला तूच बसला होतास आणि आम्ही खिडकीला घोंगडी लावली तेव्हा बुडबुडे थांबले म्हणून सगळ्यात मोठ्याने तूच ओरडलास. आत्याच्या नातीला तो प्रयोग करून दाखव सुट्टीत, साहित्य माझ्याकडे पडून आहे.

लिहून लिहून हात दुखला. पण एक विचारायचं राहिलं आणि ते मला पहिल्या वाचनातच खुपलं होतं. अकरा स्क्रीनशॉटमध्ये काका आहेत, आत्या आहे, दादा आहे, नासा आहे, इस्रो आहे, तुझे एकोणचाळीस मेसेज आहेत, मी मोजले. ताईचा एकही नाही. स्थळ तिचं, मंगळ तिचा, आणि तिला तो मुलगा पसंत आहे की नाही हे तुझ्या मेसेजमध्येही कुठे नाही. तू विचारलंस का तिला? मला वाटतं नाही. फोन कर, ग्रुपवर लिहू नकोस, आणि कदाचित ती म्हणेल की मलाच नको होता तो, मंगळामुळे परस्पर सुटले. तसं असलं तर काकांना पत्रिका मोजायला बसवायचं जरा पुढच्या स्थळापर्यंत थांबव.

आडवा सात ‘अवकाश’ निघाला. यांनी ‘अवकळा’ लिहिलं होतं.

तुझ्या,
बाई