पोटात असतानाच हृदयाचा दोष कळला. बाळ वाचेल ना?

यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ पत्नी आणि आईसह माझ्यासमोर बसले होते. एकविसावा आठवडा चालू होता. सोनोग्राफीनंतर झालेल्या फीटल इकोमध्ये, म्हणजे गर्भातील बाळाच्या हृदयाच्या तपासणीत, बाळाच्या महाधमनी आणि फुफ्फुसधमनी यांच्या जागांची अदलाबदल दिसली होती. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून फाईल काढत त्यांनी विचारले, "मॅडम, पोटात असताना दोष कळलेली बाळं जास्त दगावतात, असं मोबाईलवर वाचलं. खरंय का?"

हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्याला धीर देणाऱ्या गोड शब्दांनी उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. काही अभ्यासांत तसे आकडे खरोखरच आढळतात. मात्र गर्भात सहज दिसतात ते बहुधा मोठे, गुंतागुंतीचे किंवा इतर अवयवांच्या व्यंगांसह आलेले दोष. लहान छिद्रे अनेकदा जन्मानंतरच कळतात आणि त्यांतील कित्येक आपोआप बुजतात. त्यामुळे या दोन गटांची सरसकट तुलना केली की निदानच घातक ठरल्यासारखे भासते. या बाळाला इतर व्यंग आढळले नव्हते, हे मी त्यांना अहवालातील ओळीवर बोट ठेवून दाखवले.

मग कागदावर पेन्सिलीने दोन नळ्या काढल्या. गर्भात बाळाला ऑक्सिजन वारेतून मिळतो, म्हणून ते सुखरूप असते. जन्मानंतर शुद्ध आणि अशुद्ध रक्ताची दोन चक्रे वेगळीच फिरत राहतात. दोहोंना जोडणारी एक रक्तवाहिनी पहिल्या काही दिवसांत बंद होऊ लागते, आणि बाळ निळे पडते. प्रोस्टाग्लँडिन या औषधाच्या सलाईनने ती वाहिनी उघडी ठेवता येते, गरज पडल्यास फुग्याच्या साहाय्याने वरच्या कप्प्यांमधील वाट रुंद करता येते, आणि साधारणपणे पहिल्या काही आठवड्यांत धमन्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया होते. अनुभवी केंद्रांत अशी १०० पैकी ९०हून अधिक बाळे वाचतात. निळे पडलेले बाळ घेऊन सोलापूरहून पुण्यापर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर तोडणे आणि तेच अंतर बाळाने आईच्या पोटात निर्धास्तपणे पार करणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गर्भपाताबाबतचा कायदा, चोवीस आठवड्यांची मर्यादा आणि त्यानंतर लागणारे वैद्यकीय मंडळ, हेही मी सांगितले. निर्णय त्यांचा होता. त्यांनी प्रसूती पुण्यात करायचे ठरवले. केवळ या दोषामुळे सिझेरियन करावे लागत नाही, हे ऐकून ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला.

तेवढ्यात सासूबाई हळूच म्हणाल्या, "ग्रहणात हिनं भाजी चिरली होती." ताईंनी मान खाली घातली. मी म्हणाले, "मावशी, हृदयाची घडण पहिल्या आठ-दहा आठवड्यांतच होते, आणि ग्रहणाचा तिच्याशी काहीही संबंध नाही. हजारात आठ-दहा बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. बहुतेकांचं नेमकं कारण सापडतच नाही."

मुलीचा जन्म पुण्यात झाला आणि नवव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चार महिन्यांनी तिला घेऊन ताई भेटायला आल्या. झबल्याच्या बंदांमधून छातीवरचा उभा, गुलाबी व्रण दिसत होता. निघताना त्या दारात थांबल्या आणि पुन्हा विचारले, "भाजीमुळं नाही ना झालं?" मी त्यांना परत आत बोलावले, खुर्ची पुढे केली, आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितले.